ऑल्ट-टॅबला पर्याय सुचवा: चित्रं नकोत, नावं हवीत

पानोपानी

नमस्कार मंडळी,

मी भाषांतराचं काम करते, बहुतेक मालमत्तेची आणि कोर्टाची कागदपत्रं. काम रंगात आलेलं असताना पडद्यावर काय काय उघडं असतं ते आधी सांगते, म्हणजे अडचण नीट कळेल. खरेदीखताची स्कॅन केलेली पीडीएफ, फेरफाराची पीडीएफ, सातबाऱ्याची पीडीएफ, वर्डमध्ये चालू मसुदा, शेजारी आधीच्या कामाचा मसुदा, एक्सेलमध्ये माझी शब्दांची यादी, ब्राउझरमध्ये भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश, दुसऱ्या खिडकीत मेल, वकीलसाहेबांचे निरोप येतात ते व्हॉट्सॲप, आणि दोन-तीन फोल्डर.

आता खिडकी बदलायला ऑल्ट धरून टॅब दाबा, म्हणजे ऑल्ट-टॅब. समोर येतात पांढरे चौकोन. कागदपत्रं सगळी पांढऱ्यावर काळी, त्यामुळे छोट्या चित्रात खरेदीखत कुठलं आणि फेरफार कुठला हे डोळे बारीक करूनही कळत नाही. चित्रावर नाव असतं, पण अर्ध्यात तोडलेलं: 'मौजे वडगाव येथील गट क्र' आणि पुढे तीन ठिपके. तिन्ही पीडीएफच्या नावांची सुरुवात तीच. मग अंदाजाने कळ सोडायची, भलतीच खिडकी पुढे येते, परत दाबायचं. कायद्याच्या भाषेतलं एक वाक्य अर्धा पानभर चालतं. कर्ता, क्रियापद आणि मधली पोटवाक्यं डोक्यात धरून मी मसुद्याकडे निघालेले असते. वाटेत असं अडखळलं की ते सगळं परत वाचावं लागतं.

मला हवंय ते असं: उघड्या खिडक्यांची उभी यादी, नावं पूर्ण दिसणारी, आणि दोन-चार अक्षरं टंकली की यादी गाळून समोर यावी. विंडोज ११ आहे. पैसे मोजायची तयारी आहे. तुम्ही काय वापरता?

कळफलक

नवं काही बसवण्याआधी विंडोजमध्येच जे आहे ते नीट लावून घ्या. बराचसा त्रास तिथेच मिटतो.

सेटिंग्ज, सिस्टिम, मल्टिटास्किंग. तिथे ऑल्ट-टॅबमध्ये ॲपचे टॅब दाखवायचे का, असा पर्याय आहे. एज ब्राउझर वापरत असाल तर त्याचे अलीकडचे टॅबसुद्धा स्वतंत्र खिडक्या असल्यासारखे यादीत येतात. २०२० मध्ये विंडोज १० ला ही सोय आली आणि तेव्हापासून यादी फुगली. ते बंद करा. त्याच पानावर आभासी डेस्कटॉपचा भाग आहे. ऑल्ट-टॅबमध्ये फक्त चालू डेस्कटॉपवरच्या खिडक्या दाखव, असं तिथे सांगता येतं. मेल, व्हॉट्सॲप आणि फोल्डर दुसऱ्या डेस्कटॉपवर टाकलेत (एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर जायला विंडोज-कंट्रोल आणि डावा-उजवा बाण) की भाषांतराच्या डेस्कटॉपवर फक्त कामाचे कागद उरतील.

दुसरं, कंट्रोल-ऑल्ट-टॅब. यात बोटं उचलली तरी यादी पडद्यावर थांबते. बाणांनी शांतपणे फिरा, एंटर दाबा. यादीतच एखादी खिडकी निवडून डिलीट दाबलं की ती तिथल्या तिथे बंदही होते.

तिसरं फार कमी लोक वापरतात. टास्कबारवर चिकटवलेल्या प्रोग्रॅमना डावीकडून क्रमांक असतात. विंडोज-१ म्हणजे पहिला, विंडोज-२ दुसरा. यात कंट्रोल मिळवलंत, म्हणजे विंडोज-कंट्रोल-२, तर त्या प्रोग्रॅमची सगळ्यात शेवटी वापरलेली खिडकी थेट पुढे येते. वर्ड पहिल्या जागी, पीडीएफ वाचक दुसऱ्या, एक्सेल तिसऱ्या जागी ठेवा आणि त्या जागा पुन्हा बदलू नका. आठवडाभरात बोटांना पाठ होतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. ऑल्ट-टॅबची यादी वापराच्या क्रमाने लागते. आत्ता जिथे आहात ती पहिली, त्याआधी जिथे होतात ती दुसरी. म्हणून एकदा दाबून सोडलं की मागच्या खिडकीत, पुन्हा दाबलं की परत इथे. दोन खिडक्यांमधली ये-जा याहून वेगाने कशानेच होत नाही, आणि त्यासाठी पडद्याकडे बघावंही लागत नाही. कुठलंही पर्यायी साधन घ्या, ते हा क्रम मोडत असेल तर लगेच काढून टाका.

छापखाना_सांगली

+१. क्रमाबद्दल शंभर टक्के सहमत.

आमच्याकडे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि निवडणुकीत पत्रकं. कोरलड्रॉ, श्रीलिपी, पेजमेकरच्या जुन्या फायली, गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर, असं सगळं एकाच वेळी उघडं. मजकूर युनिकोडात येतो, जुन्या फाँटसाठी तो बदलून घ्यायचा, कोरलमध्ये चिकटवायचा, परत पुढचा परिच्छेद. दिवसभर हेच. ऑल्ट-टॅब हे आमच्यासाठी माउसपेक्षा महत्त्वाचं आहे.

ज्यांना चित्रं नको असतील त्यांच्यासाठी: डावी ऑल्ट धरून ठेवा, उजवी ऑल्ट एकदा दाबून सोडा, मग टॅब दाबा. विंडोज एक्सपीच्या काळातली, फक्त आयकॉन असलेली करडी पट्टी येते आणि खाली निवडलेल्या खिडकीचं नाव. कायमची हवी असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत), चालू वापरकर्त्याच्या विभागात एक्सप्लोररखाली 'ऑल्टटॅबसेटिंग्ज' नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवायची. आमच्या विंडोज १० च्या मशीनवर तसंच ठेवलंय. ही पट्टी दाबल्याक्षणी येते, ॲनिमेशन नाही. जुन्या मशीनवर हा फरक बोटांना जाणवतो.

आता ताईंसाठी महत्त्वाची गोष्ट, खिडक्या बदलताना भाषा बदलण्याची. इंग्रजी पीडीएफमध्ये शोधायला इंग्रजी कळपट, मसुद्यात मराठी. विंडोज ७ पर्यंत प्रत्येक प्रोग्रॅम आपापली भाषा लक्षात ठेवायचा. विंडोज ८ पासून सगळीकडे एकच भाषा झाली, म्हणून खिडकी बदलली की इंग्रजी शोधाच्या चौकटीत 'ोूाी' असलं काहीतरी उमटतं. उपाय आहे: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज. तिथे प्रत्येक ॲपच्या खिडकीला वेगळी इनपुट पद्धत वापरू दे, अशी चौकट आहे. तिच्यावर खूण करा. आमच्याकडे नवीन मशीन आलं की प्रिंटरच्याही आधी हे करतो.

पानोपानी

@छापखाना_सांगली, ही चौकट मला कुणीच सांगितली नव्हती! आत्ताच खूण केली. मसुद्यात मराठी, पीडीएफच्या शोधात इंग्रजी, मधे काहीही न दाबता. मनापासून आभार.

@कळफलक, टॅब बंद केले, डेस्कटॉप वेगळे केले. यादी निम्मी झाली. तरी पांढऱ्या चौकोनांचा प्रश्न उरतोच, कारण जे उरलंय ते सगळं कागदच आहे.

श्राव्य

हा धागा वाचून लिहावंसं वाटलं, कारण माझ्यासाठी खिडकी म्हणजे फक्त तिचं नाव. मला दिसत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. ऑल्ट-टॅब दाबलं की तो निवडलेल्या खिडकीचं नाव बोलतो, पुन्हा दाबलं की पुढचं. चित्रांचा मला उपयोग शून्य आणि नाव वाईट असेल तर माझं कामच थांबतं.

प्रत्यक्षात कसं ऐकू येतं ते सांगतो. मी बँकेत आहे. सकाळी आलेल्या तीन पीडीएफ उघडल्या, ऑल्ट-टॅब दाबत गेलो: 'मायक्रोसॉफ्ट वर्ड डॉक्युमेंट वन', 'स्कॅन झिरो झिरो झिरो वन', 'मायक्रोसॉफ्ट वर्ड डॉक्युमेंट वन'. फायलींना मी स्वतः व्यवस्थित नावं दिली होती. पण पीडीएफच्या आत शीर्षक म्हणून एक वेगळी नोंद असते, आणि फाइल तयार करणाऱ्याने तशी सूचना ठेवली असेल तर ॲडोबीचा वाचक खिडकीच्या शीर्षकपट्टीवर फाइलचं नाव न दाखवता ते आतलं शीर्षक दाखवतो. पानोपानी यांच्या तिन्ही पीडीएफ सारख्या दिसण्यामागे हेही असू शकेल. पाहून घ्या. सुमात्रापीडीएफ हा हलका, मोफत वाचक आहे. त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये शीर्षकपट्टीवर फाइलचा पूर्ण पत्ता दाखवता येतो.

आणि नाव ठेवताना वेगळेपण पुढे घ्या. 'मौजे वडगाव येथील गट क्रमांक अमुक खरेदीखत' असं ठेवलंत तर मला 'खरेदीखत' ऐकायला सगळं वाक्य संपेपर्यंत थांबावं लागेल, आणि डोळसांना ते ठिपक्यांच्या पलीकडे जाईल. 'खरेदीखत वडगाव' ठेवा. पहिल्याच शब्दात निकाल लागतो. वेबसाइट बनवणारे कुणी वाचत असतील तर त्यांनाही हीच विनंती आहे. प्रत्येक पानाच्या शीर्षकात आधी संस्थेचं लांबलचक नाव आणि शेवटी पानाचं नाव असतं. कृपा करून ते उलट करा.

पानोपानी

@श्राव्य, तुमच्या प्रतिसादाने प्रश्नाची जागाच बदलली. मी साधन शोधत होते आणि माझ्या फायलींची नावंच उलटी होती. आज सगळ्या चालू कामांची नावं बदलते. 'खरेदीखत', 'फेरफार', 'सातबारा' पुढे, गाव मागे.

जुनी_फ्लॉपी

फार चांगली चर्चा. थोडा इतिहास लिहितो, कारण आज आपण ज्याला गृहीत धरतो तो क्रम आणि ती यादी कुणीतरी बसून ठरवलेली आहे.

१९८४ च्या शेवटी ॲपलच्या मॅकिंटॉशमध्ये ५१२ किलोबाइट स्मृती मिळायला लागली होती, पण एका वेळी प्रोग्रॅम एकच चालायचा. लिहायचा प्रोग्रॅम बंद करा, चित्राचा उघडा, चित्र काढा, बंद करा, परत लिहायचा उघडा, आणि दर वेळी फ्लॉपीची घरघर. मूळ मॅकच्या चमूतले अँडी हर्ट्झफेल्ड तेव्हा ॲपल सोडून बाहेर पडले होते. त्यांनी 'स्विचर' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि १९८५ मध्ये तो ॲपलने आणला. स्विचर स्मृतीचे कप्पे पाडायचा आणि प्रत्येक कप्प्यात एक प्रोग्रॅम बसवायचा. मेनूपट्टीच्या टोकाला बाणाची खूण होती. तिच्यावर क्लिक केलं की आख्खा पडदा बाजूला सरकून दुसरा प्रोग्रॅम समोर यायचा. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती त्या सरकण्याची. पहिला प्रोग्रॅम मिटला नाही, तो बाजूला आहे आणि परत येणार आहे, हे बघणाऱ्याला न सांगता कळायचं. पडद्यावर नसलेल्या गोष्टीलाही जागा असते, ही समज त्यातून रुजली. पुढे १९८७ मध्ये मल्टिफाइंडर आला आणि स्विचरची गरज संपली.

पीसीकडे त्याच सुमारास क्वार्टरडेकचा डेस्कव्ह्यू आला, तो डॉसवर अनेक प्रोग्रॅम चालवायचा. एमएस-डॉस ५ (१९९१) च्या डॉसशेलमध्येही टास्क स्वॅपर होता. एक प्रोग्रॅम गोठवून डिस्कवर ठेवायचा आणि दुसरा उचलायचा. बदलायला तिथेही ऑल्ट-टॅबच.

विंडोज ३.१ (१९९२) मध्ये ऑल्ट धरून टॅब दाबत गेलं की पडद्याच्या मधोमध एक छोटी चौकट, तिच्यात एका वेळी एकाच प्रोग्रॅमचा आयकॉन आणि नाव. श्राव्य यांना जे ऐकू येतं, जवळपास तेच. विंडोज ९५ ने सगळे आयकॉन एका पट्टीत आणले आणि खाली टास्कबार दिला. व्हिस्टाने छोटी जिवंत चित्रं आणली, सोबत खिडक्या तिरक्या रचून दाखवणारं फ्लिप थ्रीडी. ते दिसायला देखणं होतं, पण मागच्या खिडक्या पुढच्यांआड झाकल्या जायच्या. विंडोज ८ मध्ये ते काढून टाकलं.

माझं मत: चित्रं आली आणि नाव दुय्यम झालं, तिथून कागदावर काम करणाऱ्यांचे हाल सुरू झाले. फोटो आणि व्हिडिओवाल्यांना चित्रं उत्तम.

वडाची_पारंबी

वाचनखूण साठवली आहे. श्राव्य यांचा प्रतिसाद आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पाठवला तर चालेल का?

श्राव्य

जरूर पाठवा.

आत_बाहेर

प्रोग्रॅमर आहे, विंडोजवर काम करतो. मूळ प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

पॉवरटॉइज बसवा. मायक्रोसॉफ्टचंच आहे, मोफत आणि मुक्तस्रोत. त्यात पॉवरटॉइज रन आहे: ऑल्ट-स्पेस दाबा, एक चौकट येते, त्यात '<' ही खूण टंकून पुढे खिडकीच्या नावातली अक्षरं लिहा. उघड्या खिडक्यांमधून गाळून यादी येते, एंटर दाबलं की खिडकी पुढे. या भागाचं नाव विंडो वॉकर. पॉवरटॉइजच्या नव्या आवृत्त्यांमध्ये कमांड पॅलेट नावाचं त्याचं पुढचं रूप आहे, त्यातही विंडो वॉकर आहेच. एक काळजी घ्या. ऑल्ट-स्पेस ही मुळात खिडकीचा मेनू उघडायची जुनी कळ आहे आणि कीबोर्डवरच काम करणारे ती खूप वापरतात. पॉवरटॉइजला दुसरी जोडी द्या.

फक्त एवढंच काम करणारं छोटं साधन हवं असेल तर स्विचरू. मुक्तस्रोत आहे, उभी यादी, टंकत जा आणि गाळत जा, तुम्ही मागितलंत नेमकं तेच. मूळ प्रकल्प मात्र बरीच वर्षं थंड पडला आहे. एनटीविंडचं ऑल्ट-टॅब टर्मिनेटर हाही पर्याय आहे. त्यात नावांची उभी यादी आणि निवडलेल्या खिडकीचं मोठं चित्र शेजारी. ज्यांना दोन्ही हवं त्यांच्यासाठी मला तेच सगळ्यात बरं वाटतं.

आता यामागचं थोडं, म्हणजे ही साधनं मधेच रुसतात ती का ते कळेल.

यादीत कुठली खिडकी यावी हे विंडोज कसं ठरवतं? प्रत्येक खिडकीला मालक खिडकी असू शकते. 'जतन करायचं का?' विचारणारी चौकट ही मसुद्याच्या खिडकीच्या मालकीची. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २००७ मध्ये हा नियम लिहून ठेवला: दिसणाऱ्या खिडकीपासून मालकांच्या साखळीने अगदी वर जायचं, मग सगळ्यात शेवटी चालू असलेल्या दिसणाऱ्या चौकटीपर्यंत खाली यायचं, आणि जिथून निघालो तिथेच पोचलो तर ती यादीत. म्हणजे एका साखळीतून एकच प्रतिनिधी. शिवाय प्रोग्रॅमर स्वतः 'ही साधनपट्टी आहे, यादीत नको' किंवा 'ही हवीच' अशी खूण करू शकतो. बाहेरच्या साधनाला हा सगळा नियम स्वतः लिहावा लागतो. तो अर्धवट लिहिला की यादीत कधी भुताटकी खिडक्या दिसतात, कधी खरी खिडकीच गायब.

दुसरी अडचण खिडकी पुढे आणण्याची. पूर्वी कुठलाही प्रोग्रॅम वाटेल तेव्हा स्वतःची खिडकी तुमच्या डोळ्यांसमोर आणून ठेवू शकत होता. तुम्ही पासवर्ड टंकत असताना मधेच दुसरं काही पुढे आलं तर अर्धी अक्षरं तिकडे. विंडोज ९८ आणि २००० पासून यावर लगाम घातला. ज्याच्याकडे वापरकर्त्याचं लक्ष नाही त्याने पुढे यायचा प्रयत्न केला की टास्कबारवर त्याचं बटण नुसतं चमकतं. नियम योग्यच आहे, पण खिडक्या बदलणारं साधन हेही विंडोजच्या लेखी बाहेरचाच प्रोग्रॅम. निवडलेली खिडकी पुढे येण्याऐवजी खाली चमकत बसली, तर कारण बहुधा हेच.

तिसरी: ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेली खिडकी समोर असताना साध्या हक्कांवर चालणाऱ्या साधनाला तुमच्या कळा ऐकूच येत नाहीत. व्हिस्टापासून ही भिंत आहे, सुरक्षेसाठी. साधनालाही ॲडमिनिस्ट्रेटर हक्क दिले की ते चालतं, पण असे हक्क कुणाला देतोय ते पाहून द्या. हे साधन तुमच्या सगळ्या खिडक्यांची नावं वाचतं आणि कीबोर्ड ऐकतं. कोर्टाच्या कागदांवर काम करणाऱ्याने अनोळखी साइटवरून असलं काही उतरवू नये.

परदेशी_पाऊस

न्यू जर्सीहून. हक्कांचा मुद्दा मॅकवर उघड दिसतो. मॅकचं कमांड-टॅब प्रोग्रॅम बदलतं, खिडक्या नाही. वर्डचे चार मसुदे असले तरी वर्डचा आयकॉन एकच. प्रोग्रॅममधल्या खिडक्यांसाठी टॅबच्या वरची कळ कमांडबरोबर. आणि मिटवलेली (मिनिमाइज केलेली) खिडकी कमांड-टॅबने वर येत नाही. कमांड सोडायच्या आधी ऑप्शन धरावी लागते, हे इथे मराठी मंडळातल्या काकांना शिकवताना माझी दमछाक होते.

म्हणून मी ऑल्टटॅब हे मुक्तस्रोत साधन वापरते, विंडोजसारखी प्रत्येक खिडकी वेगळी दाखवतं. बसवताना ते स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागतं आणि लोक घाबरून नाही म्हणतात. कारण असं आहे की मॅकच्या कॅटालिना आवृत्तीपासून (२०१९) दुसऱ्या प्रोग्रॅमच्या खिडक्यांची चित्रंच काय, नुसती नावं वाचायलाही ॲपलने तीच परवानगी लागू केली. मला ते पटतं. मेलच्या खिडकीचं नाव म्हणजे मेलचा विषय, आणि तो खासगीच असतो.

टक्स_कोकण

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. ग्नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये आवृत्ती ३ (२०११) पासून ऑल्ट-टॅब मॅकसारखं प्रोग्रॅमनुसार गट करतं. पटत नसेल तर सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट, नॅव्हिगेशनमध्ये 'खिडक्या बदला' या कामाला ऑल्ट-टॅब द्या. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये टास्क स्विचरचं रूपच निवडता येतं, उभी नावांची यादीही आहे, आणि केरनर या त्याच्या शोधपट्टीत खिडकीचं नाव टंकून शोधता येतं. केडीईइतकी मोकळीक दुसरीकडे कुठेही नाही, हे माझं ठाम मत.

एक्स११ या लिनक्सच्या जुन्या पडदा-व्यवस्थेवर रोफी हे खिडकी शोधायचं साधन उत्तम चालायचं, कारण तिथे कुठलाही प्रोग्रॅम सगळ्या खिडक्यांची यादी मागू शकतो. वेलँड या नव्या व्यवस्थेने ते मुद्दाम बंद केलं. यादी फक्त कंपोझिटरकडे (पडद्यावर खिडक्या रचणाऱ्या प्रोग्रॅमकडे), आणि त्याने खास दार उघडून दिलं तरच बाहेरच्याला मिळते. डब्ल्यूएमसीटीआरएल या खिडक्या हाताळणाऱ्या आज्ञेवर बांधलेल्या जुन्या स्क्रिप्ट वेलँडवर म्हणूनच गप्प होतात.

पानोपानी

पॉवरटॉइज बसवलं, कळ बदलली, आणि फायलींची नवी नावं. 'खरे' एवढं टंकलं की खरेदीखत समोर. मनात धरलेलं वाक्य मसुद्यापर्यंत अखंड पोचतं. दोन खिडक्यांतली ये-जा मात्र अजून ऑल्ट-टॅबनेच करते, कळफलक यांनी सांगितलेला क्रम मोडायचा नाही म्हणून.

एक विचित्र प्रकार. 'दुसऱ्या पक्षाचे शपथपत्र' या फायलीचं नाव मी 'दुसऱ्या' टंकून शोधते तेव्हा ती सापडत नाही. 'शपथ' टंकलं की लगेच येते. फाइल वकिलांकडून आलेली आहे. अक्षरं तर तीच दिसतात!

आत_बाहेर

दिसतात तीच, आत वेगळी आहेत. दुसऱ्या, तिसऱ्या, सातबाऱ्या यांतला आडव्या रेघेचा र दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्तावाला ऱ आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पण नाव गाळणारं साधन अक्षरांचे क्रमांक जुळवतं, आकार नाही. वकिलांचा कळपट एका पद्धतीचा, तुमचा दुसऱ्या.

हेच 'ॲ'चं. २००८ मध्ये युनिकोडने त्याला स्वतंत्र क्रमांक दिला, त्याआधीचे कळपट अ आणि वरचा चंद्र असं जोडून लिहायचे, आणि काही अजूनही तसंच लिहितात. 'ॲफिडेव्हिट' शोधताना हमखास अडाल. साधनाने जुळवण्याआधी दोन्ही रूपं एक करून घ्यायला हवीत. मी पॉवरटॉइजच्या प्रकल्पात तशी नोंद करतो, उदाहरण म्हणून 'दुसऱ्या'ची दोन्ही रूपं देऊन. तोवर शोधाला ही दोन अक्षरं टाळा, किंवा आलेल्या फायलीचं नाव स्वतःच्या कळपटाने एकदा पुन्हा टंका.

छापखाना_सांगली

हे आम्हाला फाँट बदलताना रोज भेटतं, पण खिडकी शोधण्यातही आडवं येईल असं वाटलं नव्हतं. नोंद केलीत की इथे सांगा, मी लग्नपत्रिकांमधली खरी उदाहरणं देतो.

एक विचारायचं राहिलं. भाषेची ती चौकट खूण केल्यावर कोरल आणि ब्राउझर वेगळी भाषा धरतात, पण वर्डचे दोन मसुदे, एक इंग्रजी एक मराठी, दोघांना एकच भाषा राहते. असं का?

आत_बाहेर

विंडोज भाषा प्रत्येक थ्रेडला (प्रोग्रॅमच्या आतल्या कामाच्या एका धाग्याला) बांधते, प्रत्येक खिडकीला नाही. एकाच प्रोग्रॅमच्या दोन खिडक्या एकाच थ्रेडवर चालत असतील तर भाषाही एकच. वर्डपुरता उपाय वर्डमध्येच आहे: ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, एडिटिंग. आजूबाजूच्या मजकुराच्या भाषेप्रमाणे कीबोर्ड आपोआप बदल, अशी चौकट आहे. कर्सर मराठी परिच्छेदात गेला की मराठी. मजकुराला भाषेची खूण बरोबर लागलेली असावी लागते, नाहीतर ते गोंधळतं.

पानोपानी

आत्ता करून पाहिलं. मराठी मसुद्यात मराठी, इंग्रजीत इंग्रजी. जुन्या मसुद्यातला मराठी मजकूर मात्र हिंदी म्हणून नोंदलेला निघाला. सगळा निवडून, रिव्ह्यूमधल्या भाषेच्या पर्यायातून मराठी केला, मग चाललं. @छापखाना_सांगली, तुमच्याकडेही आधी हेच तपासा.